न दिलेली छत्री

५ ऑक्टोबर १९१८ रोजी जर्मनीतल्या कैझर्सलाउटर्न आणि पिर्मासेन्स या गावांवर बॉम्ब टाकायला गेलेल्या ब्रिटिश विमानांपैकी चार माघारी आली नाहीत. त्यांतल्या एकाचा क्रमांक एफ १०१०. ते शत्रूच्या मुलखात उतरले आणि आतले दोघे, कॅप्टन इंग्लिस आणि सेकंड लेफ्टनंट बॉडली, जर्मनांचे कैदी झाले. पहिल्या महायुद्धात असे रोजच घडत होते. धाराशिवच्या वाचकाने या एका विमानापाशी थांबायचे कारण त्याच्या अंगावर रंगवलेल्या ओळीत आहे. हैदराबादच्या निजामांनी हे विमान भेट दिले आहे, असे त्या ओळीत लिहिले होते. ज्या मीर उस्मान अली खानांचे नाव तेव्हा आपल्या जिल्ह्याला लागलेले होते, तेच हे निजाम.

आणि हे एकटे विमान नव्हते. रॉयल एअर फोर्सच्या ११० क्रमांकाच्या स्क्वाड्रनला सुरुवातीला मिळालेली डीएच ९ ए जातीची विमाने निजामाची भेट म्हणून आली होती आणि प्रत्येकावर तशी ओळ होती. त्यावरून तुकडीचे नावच ‘हैदराबाद स्क्वाड्रन’ पडले. पुढे बोधचिन्ह ठरले तेव्हा त्यात वाघ आला. सप्टेंबर १९१८च्या आरंभी ही तुकडी फ्रान्समध्ये बेत्तोंकूर येथे दाखल झाली आणि ११ नोव्हेंबरला युद्ध थांबले. म्हणजे जेमतेम दहा आठवडे. तेवढ्यात तिची १७ विमाने मोहिमेवरून परतली नाहीत, आणि २८ विमाने अपघातांत मोडली.

या ४५ विमानांची गोष्ट इंग्रजीत अनेकदा सांगितली गेली आहे. स्क्वाड्रनचा इतिहास, वैमानिकांची नावे, कुठल्या दिवशी कोण पडले, सगळे छापलेले आहे. मराठीत ती सांगायची तर नुसता अनुवाद करून भागत नाही, कारण तिची दोन टोके आपल्या अंगणात आहेत आणि इंग्रजी पुस्तकांना त्यांच्याशी काही कर्तव्य नाही. पहिले टोक पैशाचे. दुसरे टोक एका आगगाडीचे. हैदराबाद स्क्वाड्रनच्या एकाही वैमानिकापाशी उडी मारायला हवाई छत्री नव्हती. छत्री मात्र जगात होती, इंग्लंडातच होती, माणसे तिने सुखरूप खाली उतरलीही होती. ती बनवणारा गृहस्थ होता एव्हरार्ड कॅल्थ्रॉप, आपल्या बार्शी लाइट या आगगाडीचा जनक. विमानावर नाव आपल्या संस्थानाच्या राजाचे, आणि त्या विमानात जी वस्तू असायला हवी होती ती घडवणारा माणूस येडशी-तडवळ्याच्या गाडीचा. त्या विमानाची आणि त्या छत्रीची गाठ कधी पडली नाही. पुढची पाने वाचताना एवढे ध्यानात असले म्हणजे अपघातांच्या याद्या नुसत्या याद्या राहत नाहीत.

विमान आणि लष्कर यांची सोयरीक जमली ती मृत्यूच्या साक्षीने. १७ सप्टेंबर १९०८ रोजी अमेरिकेत फोर्ट मायर येथे ऑर्व्हिल राइट लष्करापुढे आपल्या यंत्राचे प्रात्यक्षिक देत होता. शेजारी लेफ्टनंट थॉमस सेल्फ्रिज बसला होता. पंख्याचे पाते तडकले, त्याच्या हादऱ्यात सुकाणूची तार सापडली आणि यंत्र नाकावर जमिनीत घुसले. ऑर्व्हिल मोडलेल्या हाडांनिशी वाचला, सेल्फ्रिजची कवटी फुटली. इंजिनाच्या विमानाच्या अपघातात मेलेला तो जगातला पहिला माणूस, आणि तो लष्करी अधिकारी होता. लष्कराने त्यावरून विमानाचा नाद सोडला नाही. पुढच्याच वर्षी राइटांचे विमान विकत घेतले.

इंग्लंडची पाळी १२ जुलै १९१० रोजी आली. बोर्नमथच्या मेळ्यात चार्ल्स रोल्स याच्या राइट विमानाची शेपटी हवेतच तुटली. हा रोल्स म्हणजे रोल्स-रॉइसमधला. वय ३२. उंची फार नव्हती, पण मरायला पुरेशी होती. रोल्स हा कॅल्थ्रॉपचा मित्र. विमानातून माणसाला जिवंत खाली कसे आणता येईल, हा विचार कॅल्थ्रॉपच्या डोक्यात शिरला तो इथून.

आता मराठवाड्याकडे येऊ. रोल्स गेला त्याला सहा महिने होत होते. जानेवारी १९११मध्ये दख्खनच्या घोडदळाच्या लष्करी सरावासाठी औरंगाबादला ब्रिस्टल कंपनीचे एक बॉक्सकाइट विमान आणले गेले. विमान कसले, काठ्या, तारा आणि कापड यांचा उडता सांगाडाच. चालवणारा हेन्री ज्युलेरो हा फ्रेंच, आणि शेजारी निरीक्षक म्हणून कॅप्टन सेफ्टन ब्रँकर. शत्रूपक्षाची फौज कुठे आहे ते वरून पाहून सांगायचे, एवढेच काम. भारताच्या भूमीवर लष्कराने विमानाचा उपयोग करून पाहिला तो असा, निजामाच्या मराठी मुलखात. आपल्याकडच्या शालेय पुस्तकांत याचा उल्लेख का नसावा, हे मला कळत नाही; अलाहाबादच्या हवाई टपालाची गोष्ट मात्र प्रत्येक सामान्यज्ञानाच्या पुस्तकात असते. ब्रँकर पुढे ब्रिटिश हवाई खात्यात मोठ्या पदाला चढला आणि ५ ऑक्टोबर १९३० रोजी फ्रान्समध्ये बोव्हे गावापाशी आर १०१ हे प्रचंड हवाई जहाज कोसळले त्यात जळून मेला. ते जहाज हिंदुस्थानाकडे, कराचीला निघाले होते. एफ १०१० पडले त्याला त्या दिवशी बरोबर बारा वर्षे झाली होती. योगायोगात अर्थ शोधू नये, पण तारीख लक्षात राहते.

डीएच ९ ए हे काय यंत्र होते ते नीट पाहिले पाहिजे, कारण पुढची सगळी मोडतोड त्याची आहे. लाकडी सांगाडा, त्यावर ताणून बसवलेले कापड, कापड घट्ट राहावे म्हणून त्यावर दिलेला डोपचा लेप. हा लेप आगीला आमंत्रणच. पुढे लिबर्टी नावाचे ४०० अश्वशक्तीचे, पाण्याने थंड होणारे अमेरिकी इंजिन. त्यामागे वैमानिक, त्याच्या मागे पाठमोरा निरीक्षक, हाती लुईस मशीनगन. दोघांच्या डोक्यावर छप्पर नाही. आपल्याकडच्या कुडाच्या झोपडीलाही याहून जास्त आडोसा असतो. पंधरा-सोळा हजार फुटांवर त्या उघड्या खोबणीत तासन् तास बसायचे. हवा विरळ, थंडी अशी की बोटे बंदुकीला चिकटावीत. अंगात असायचा तो सिडकॉट नावाचा, आतून अस्तर लावलेला एकसंध पोशाख. तो सिडनी कॉटन या वैमानिकाने १९१७ साली काढला. हे नाव मराठवाड्याने ऐकलेले असण्याची शक्यता आहे. १९४८ साली कराचीहून रात्री विमाने उडवून निजामाला चोरून शस्त्रे पुरवणारा सिडनी कॉटन तो हाच. निजाम आणि विमान यांच्या या लांबलचक नात्यात तो दोनदा डोकावतो, एकदा शिंप्याच्या भूमिकेत आणि एकदा तस्कराच्या.

११० स्क्वाड्रन ‘इंडिपेंडंट फोर्स’ या नव्या दलात होते. जून १९१८मध्ये ट्रेंचर्ड या ब्रिटिश सेनापतीच्या हाताखाली हे दल उभे राहिले. फौजेला मदत करायची नाही, थेट जर्मनीच्या आत जाऊन कारखाने, रेल्वे आणि शहरे झोडपायची, हे त्याचे काम. म्हणजे आज ज्याला आपण शहरांवरची बॉम्बफेक म्हणतो तिची ही बालवाडी. दिवसाउजेडी, थव्याने, शत्रूच्या लढाऊ विमानांच्या टापूतून जायचे आणि यायचे. पहिली मोहीम १४ सप्टेंबरला झाली, बूले येथल्या जर्मन विमानतळावर. ती निभावली. २५ सप्टेंबरला फ्रँकफर्टवर गेले तेव्हा चार विमाने गेली. ५ ऑक्टोबरला आणखी चार, त्यांत एफ १०१०. आणि २१ ऑक्टोबरला कोलोनच्या रोखाने १३ विमाने निघाली, ढगांनी वाट अडवली, थवा फुटला आणि ७ परतली नाहीत. निम्म्याहून जास्त. एका सकाळी न्याहारीला जे बरोबर होते त्यांतले निम्मे दुपारी जेवायला नाहीत, असा हिशेब. तीन दिवसांत १५ विमाने. दहा आठवड्यांतल्या बाकी सगळ्या दिवसांत दोन.

पण माझी नजर खिळते ती दुसऱ्या आकड्यावर, त्या २८ विमानांवर. शत्रूने १७ नेली आणि चुकलेली उड्डाणे, बिघडलेली इंजिने, खडबडीत शेतांत केलेली उतरणी यांनी २८ मोडली. युद्धाच्या चित्रपटांत विमान नेहमी गोळी लागून पडते. प्रत्यक्षात ते बहुधा धावपट्टीच्या कडेला, कुणी न बघता पडत होते. वैमानिकांना पुरते शिक्षण द्यायला वेळ नव्हता. इंजिन नवे होते आणि त्याच्या खोडी कळायच्या आत त्याला मोहिमेवर जुंपले होते. अपघातात मेलेल्याचे नाव दगडावर कोरताना मात्र तो ‘राजासाठी व देशासाठी’ मेला असेच कोरायचे. चौकशीचा कागद फायलीत राहायचा.

या सगळ्याच्या खाली पैशाचा प्रश्न आहे. ‘भेटविमान’ ही त्या युद्धातली रीतच होती. साम्राज्याच्या कोपऱ्याकोपऱ्यातून लोकांनी वर्गणी काढावी, ठरलेली रक्कम भरावी आणि विमानावर आपले किंवा आपल्या गावाचे नाव घालून घ्यावे. सुरुवातीच्या काळात बी ई टू जातीच्या विमानाला दीड हजार पौंड असा दर होता. ते विमान पडले तर नाव दुसऱ्या विमानावर चढवायचे. म्हणजे दात्याचे नाव मरत नसे. निजामाने एकदम स्क्वाड्रनच्या स्क्वाड्रन दिली. त्याआधी त्यांनी घोडदळाच्या खर्चापोटी लाखो रुपये दिलेच होते. बदल्यात जानेवारी १९१८मध्ये त्यांना ‘हिज एग्झाल्टेड हायनेस’ आणि ब्रिटिश सरकारचा ‘विश्वासू दोस्त’ या पदव्या मिळाल्या. देशातल्या दुसऱ्या कुठल्याच राजाला ‘एग्झाल्टेड’ म्हणत नसत. सौदा रोखठोक होता.

हा पैसा कोणाचा? निजाम जगातल्या अतिश्रीमंतांपैकी होते हे खरे. पण संस्थानाचे उत्पन्न मुख्यतः जमीन महसुलाचे होते, आणि त्याखेरीज निजामाच्या खासगी खर्चासाठी वेगळा राखलेला ‘सर्फ-ए-खास’चा मुलूख होता, तोही अनेक जिल्ह्यांत पसरलेला. म्हणजे शेवटी ज्वारी, कापूस, करडई. ११० स्क्वाड्रन फ्रान्समध्ये पोचले त्या १९१८ साली पावसाने देशभर दगा दिला, तो शतकातल्या वाइटातल्या वाइटांपैकी. दख्खनच्या पठारावर पाण्याची वानवा पाचवीलाच पुजलेली, त्यात हे साल. वर जूनमध्ये मुंबईच्या बंदरातून इन्फ्लुएन्झाची साथ देशात शिरली आणि तिची दुसरी, खरी मारक लाट सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आली. रेल्वेच्या कडेकडेने ती गावोगाव पोचली. देशात एक कोटीहून जास्त माणसे त्या साथीत गेली. मुंबई इलाख्यात मृत्यूंनी ऑक्टोबरमध्ये कळस गाठला. त्याच ऑक्टोबरमध्ये निजामाच्या नावाची विमाने राइनकाठी पडत होती. एका बाजूला दुष्काळ आणि साथ, दुसऱ्या बाजूला पदवी. याला मी उधळपट्टी म्हणेन, आणि ‘त्या काळच्या राजांची रीतच तशी’ असे म्हणून तिच्यावर पांघरूण घालायला मी तयार नाही. रयतेचे नाव कुठल्याच विमानावर नव्हते.

आता आगगाडीकडे. एव्हरार्ड कॅल्थ्रॉपचा जन्म १८५७चा. १८८२मध्ये तो ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत लोकोमोटिव्ह इन्स्पेक्टर म्हणून हिंदुस्थानात आला. बार्शीची बाजारपेठ तेव्हा कापसाने तुडुंब असायची. बालाघाटचा, निजामाच्या हद्दीतला माल बैलगाड्यांनी बार्शीला यायचा आणि तिथून पुन्हा बैलगाड्यांनीच मोठ्या लाइनवरच्या बार्शी रोड स्टेशनला, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीला जायचा. कॅल्थ्रॉपने अडीच फुटी रुळांची गाडी सुचवली. त्या काळच्या अरुंद गाड्या म्हणजे मोठ्या गाडीची गरीब नक्कल असायची. याने नियम केला की इंजिन असो की डबा, एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार यायचा नाही, आणि सगळ्या आसांवर भार सारखा वाटला गेला पाहिजे. मग हलक्या रुळांवरूनही भरपूर माल ओढता येतो. इंजिने लीड्सच्या किटसन कारखान्यात बनली. १८९७ साली बार्शी रोड ते बार्शी गाडी सुरू झाली. पुढे ती निजामाच्या हद्दीत शिरली आणि येडशी, तडवळे, ढोकी करत १९११ साली लातूरला पोचली. धाराशिव शहर तिने बाजूलाच ठेवले. शहराला रूळ लागायला २००७-०८ची ब्रॉडगेज यावी लागली. हे तडवळे म्हणजे कसबे तडवळे, जिथे फेब्रुवारी १९४१मध्ये डॉ. आंबेडकरांनी महार-मांग वतनदार परिषद घेतली, ते.

बार्शी लाइटची थट्टा आपण पुष्कळ केली. चालत्या गाडीतून उतरून लघवी करून पुन्हा चढता येते, वगैरे. पण ती ज्या डोक्यातून निघाली त्या डोक्याची खासियत अशी होती की ते वजनाचा विचार रत्तीरत्तीने करायचे आणि मग त्या वजनाखाली काय मोडेल ते आधीच पाहायचे. छत्रीतही तेच डोके दिसते. १९१३पासून कॅल्थ्रॉप पेटंटे घेत राहिला. छत्रीचे नाव त्याने ठेवले ‘गार्डियन एंजल’. रेशमाची छत्री आणि तिच्या दोऱ्या अशा घडी घालून डब्यात बसवायच्या की निघताना एकीत एक गुंतता कामा नये. डबा विमानाच्या पोटाखाली. माणसाच्या अंगावर फक्त पट्टे. त्याने उडी मारली की त्याच्या वजनानेच छत्री डब्यातून ओढली जाऊन उघडायची. त्याने दोरी खेचायची गरज नाही. घाबरलेल्या, जखमी माणसाच्या हातावर काही सोपवायचे नाही, हा त्यातला विचार. १९१६मध्ये तर त्याने दाबलेल्या हवेच्या जोरावर वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या व्यवस्थेचेही पेटंट घेतले. आजच्या लढाऊ विमानांतल्या इजेक्शन सीटची ही पणजी.

छत्री चालते हे दाखवायला १९१७ साली थॉमस ऑर्ड-लीस या अधिकाऱ्याने, जो शॅकल्टनच्या दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेत होता, लंडनच्या टॉवर ब्रिजवरून थेम्स नदीवर उडी मारली. पुलाची उंची ती किती! तेवढ्यातही छत्री उघडली. शत्रूच्या प्रदेशात हेर उतरवायला सैन्याने ही छत्री वापरली. टेहळणीच्या फुग्यांत बसणाऱ्या निरीक्षकांना छत्र्या मिळत होत्या. वैमानिकांना मात्र नाही.

कारणे दिली गेली. वजन वाढते. जागा नाही. गिरक्या घेत पडणाऱ्या विमानात दोरी अडकेल. ही कारणे अगदीच खोटी नव्हती. १९१९मध्ये अमेरिकेत मॅक्कूक फील्ड येथे याच ‘गार्डियन एंजल’चे प्रात्यक्षिक देताना एक ब्रिटिश लेफ्टनंट दोरी तुटून ठार झाला, आणि त्यानंतर जगाने हाताने दोरी खेचून उघडायची, पाठीवर बांधायची छत्री उचलली. पण या कारणांच्या मागे आणखी एक कारण होते आणि ते वैमानिकांच्या तोंडी सर्रास होते: छत्री दिली तर हे लोक विमान वाचवायचे सोडून उडी मारतील. म्हणजे विमान माणसापेक्षा महाग. युद्ध संपले तरी ब्रिटिश हवाई दलाने आपल्या वैमानिकांना छत्र्या द्यायला जवळपास सात वर्षे घालवली.

जर्मनांनी १९१८मध्ये छत्र्या दिल्या. त्यांच्याही सगळ्या उघडल्या नाहीत, पण काही उघडल्या. २९ जून १९१८ रोजी अर्न्स्ट उडेट हा त्यांचा नामांकित वैमानिक कोसळत्या विमानातून उडी मारताना पट्टा सुकाणूला अडकूनही सुटला आणि जमीन अगदी जवळ आली असताना छत्री उघडून वाचला. याच आठवड्यात एका मुंबईकराचे नशीब फिरले. लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिणकर. केंब्रिजला शिकलेले, ब्रिटिश हवाई दलात लढलेल्या पहिल्या चार हिंदी वैमानिकांपैकी एक. दुसरा इंद्रलाल रॉय तर कित्येकांना ठाऊक आहे. वेलिणकर २३ स्क्वाड्रनमध्ये सॉपविथ डॉल्फिन चालवत. या विमानात वैमानिकाचे डोके वरच्या पंखाच्या चौकटीतून बाहेर निघायचे. दिसायचे उत्तम. विमान उलटले तर सगळा भार आधी मानेवर. २७ जूनला ते गस्तीवर गेले आणि परतले नाहीत. जखमी अवस्थेत शत्रूच्या हाती लागले आणि ३० जूनला वारले. फ्रान्समध्ये आंगार येथल्या दफनभूमीत ते आहेत. छत्री असती तर ते वाचले असते, असे ठामपणे कोणी म्हणू शकत नाही. पण ती शक्यताच त्यांना मिळाली नाही.

हाच न्याय हैदराबाद स्क्वाड्रनलाही लावायला हवा. जमिनीलगत झालेल्या त्या २८ अपघातांत छत्रीने काडीचाही फरक पडला नसता. तेवढी उंचीच नसते. फरक पडला असता तो १७ विमानांत, पंधरा हजार फुटांवर, जिथे पेटलेल्या कापडात बसून खाली येण्यापलीकडे काही उरत नव्हते. दोन माणसांच्या दोन छत्र्यांसाठी बहुतेक एक लहान बॉम्ब कमी न्यावा लागला असता. तो बॉम्ब नेला गेला. सुरुवातीच्या काळातले उड्डाण म्हणजे शौर्य आणि मृत्यू अशी जी जोडी आपण लावतो, तिच्यात या कचेरीतल्या निर्णयाला जागा नसते. या विषयावर मराठीत जे थोडे लिखाण आहे ते बहुतेक वीरगाथेच्या सुरात आहे, आणि मला तो सूर खोटा वाटतो. ही माणसे धाडसी होती याबद्दल वाद नाही. धाडसाची किंमत इतकी का पडली, हा प्रश्न आहे.

पुढचे थोडक्यात. ११० स्क्वाड्रन १९१९मध्ये मोडले, १९३७मध्ये पुन्हा उभे राहिले, आणि ४ सप्टेंबर १९३९ रोजी दुसऱ्या महायुद्धातला ब्रिटनचा पहिला बॉम्बहल्ला विल्हेल्म्सहाफेनवर झाला त्यात पुढे होते. नंतर ते हिंदुस्थानातही आले आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढले. निजामाच्या नावाची आणखी दोन स्क्वाड्रन झाली, १५२ आणि २५३. १५२च्या बोधचिन्हात निजामाची पगडी होती. सप्टेंबर १९४८मध्ये भारतीय सैन्य सोलापूरच्या रस्त्याने नळदुर्गात शिरले तेव्हा वरून उडणारी विमाने भारताची होती आणि निजामापाशी हवाई दल म्हणून काही नव्हते. ज्यांनी परक्यांना विमानांचे ताफे दिले त्यांच्या स्वतःच्या आकाशाची ही अवस्था. कॅल्थ्रॉप १९२७ साली गेला. छत्रीने त्याला पैसा दिला नाही. आज त्याचे नाव निघते ते रेल्वेच्या शौकिनांत, तेही बार्शी लाइटमुळे.

आणि एफ १०१०? जर्मनांनी ते बर्लिनच्या संग्रहालयात मांडले. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बपासून वाचवायला पूर्वेकडे हलवले, तिथून ते पोलंडमध्ये क्राकोच्या संग्रहालयात जाऊन पडले. पंख कुठेतरी गहाळ झाले. १९७७ साली ब्रिटिशांनी पोलंडला एक स्पिटफायर देऊन हे धड परत घेतले, नवे पंख बांधले, आणि आता ते लंडनमध्ये हेन्डनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियममध्ये उभे आहे. हैदराबाद स्क्वाड्रनचे हे विमान आजही पाहता येते. प्रवेशाला पैसे पडत नाहीत. लंडनला मुलांकडे जाणारे धाराशिव-लातूरचे आईवडील आता कमी नाहीत. त्यांनी मादाम तुसाँच्या आधी इथे एक दुपार काढावी.

पुढच्या प्रकरणांत स्क्वाड्रनची दैनंदिनी, माणसे आणि मोहिमा तपशिलाने येतील. त्यांची कागदपत्रे इंग्लंडात जपून ठेवलेली आहेत. आपल्या बाजूची मात्र विखुरलेली आहेत. धाराशिव, कळंब, परंडा, भूम, तुळजापूर, उमरगा या भागांतल्या वाड्यांत १९१४ ते १९१९ या सालांतले उर्दू किंवा मोडी कागद, महसुलाच्या पावत्या, युद्धाच्या वर्गणीच्या नोंदी, बार्शी लाइटच्या नोकरीचे दाखले अजूनही ट्रंकांत असणार. ते रद्दीत घालू नका. वाचता येत नसतील तर फोटो काढून जवळच्या महाविद्यालयातल्या इतिहासाच्या प्राध्यापकांना किंवा मोडी वाचणाऱ्याला दाखवा. या पुस्तकाचा पुढचा भाग लिहायचा झाला तर तो त्या कागदांवरूनच लिहावा लागेल.